अमेरिकी व्यापार-उपहासाच्या पहिल्या आवृत्त्यांचा संग्रह

दलाल, विक्रेते, बिल्डर आणि कचेरीतले साहेब यांची टर उडवणाऱ्या जुन्या अमेरिकी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवण्याचा छंद. ‘पहिली आवृत्ती’ म्हणजे इथे तिचे पहिले मुद्रण. मराठीत आवृत्ती आणि पुनर्मुद्रण हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात; या छंदात ती ढिलाई महागात पडते.

मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांची ‘द गिल्डेड एज’ (१८७३) हार्टफर्डच्या अमेरिकन पब्लिशिंग कंपनीने दारोदार फिरणाऱ्या एजंटांकरवी विकली. एजंटाच्या हाती निवडक पाने, बांधणीचे नमुने आणि गिऱ्हाइकांची नावे टिपायला शेवटी रेघांची कोरी पाने, अशी नमुन्याची वही असे. आता तीही जमवली जाते, आणि त्या रेघांवर नावे असतील तर काय विचारता! कादंबरीतला हवेत इमले बांधणारा कर्नल सुरुवातीच्या प्रतींत ‘एस्कोल सेलर्स’ आहे. त्याच नावाचा खराखुरा गृहस्थ दाव्याची धमकी देत पुढे आला, आणि नंतरच्या प्रतींत कर्नलचा ‘बेरायाह’ झाला. संग्राहकाला हवा असतो तो अर्थातच एस्कोल.

सिंक्लेअर लुईसच्या ‘बॅबिट’ या कादंबरीच्या (१९२२) पहिल्या प्रतींची ओळख एका मुद्रणदोषावरून पटते. आधीच्या प्रतींत ४९व्या पानावर, चौथ्या ओळीत, ‘लाइट’च्या जागी ‘पर्डी’ छापले गेले. लाइट हा जमिनींचा सटोडिया आणि पर्डी त्याच्या सौद्यात नाडला जाणारा किराणा दुकानदार. छापखान्याने नेमकी यांचीच अदलाबदल करावी!

फ्रेड श्वेडच्या ‘व्हेअर आर द कस्टमर्स यॉट्स?’ (१९४०) या वॉल स्ट्रीटवरच्या पुस्तकाला दोन प्रकारचे गिऱ्हाईक आहे. शेअरबाजारवाले मजकुरासाठी येतात, तर व्यंगचित्रांचे शौकीन पीटर आर्नोच्या चित्रांसाठी.

विसाव्या शतकातल्या पुस्तकांची किंमत मुख्यतः कागदी वेष्टनावर ठरते, कारण वाचकांनी ते फाडून टाकलेले असते. वेष्टनाच्या आतल्या घडीवर छापील किंमत नसेल आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात दाबलेली बारीक खूण असेल, तर प्रत बहुधा बुक क्लबची (सभासदांसाठी वेगळी छापलेली), म्हणजे स्वस्तातली. घडीचा कोपरा कापलेला असेल तर किंमत होती की नव्हती, हेच कळत नाही. जुन्या पुस्तकावर नव्याने छापलेले नकली वेष्टनही चढवतात. सचोटीचा विक्रेता यादीत तसे नमूद करतो.