जीन, इंजिन आणि जन्म

दिवाळी सरली की आमच्या वऱ्हाडात चौकाचौकात एकच विचारणा असते, "जीन चालू झालं का?" जीन म्हणजे कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी काढणारा कारखाना. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची शेतातली पूजा, करून पहिला वेचा घरात आलेला असतो, ओसरीत कापसाचा ढीग छताला टेकायला आलेला असतो, आणि त्यावर उड्या मारल्याबद्दल पोट्ट्यांना रोज बोलणी बसत असतात. मग एक दिवस बाजाराच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. जिनाजवळच्या कडूनिंबाच्या झाडावर रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, पुंजके असे अडकतात, की नवख्या माणसाला झाड मोहरल्यासारखं वाटावं.

आमचे आबाजी रात्री उशिरा रिकाम्या हातानं परतले, की टोपी झटकत म्हणायचे, "नंबर नाई लागला, बाप्पा. उद्या येजो म्हणे." त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण पऱ्हाटी, सरकी, ढेप, गठाण आणि जीन हे सारे शब्द त्यांच्या तोंडात एकाच घरचे होते. यातला एक परदेशातून आलाय, हे सांगितलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

शहरात शिकायला गेल्यावर कळलं, की तिथं जिन म्हणजे दारू. वसतिगृहात मी सहज बोलून गेलो, "घरचे सगळे जिनात गेलेत," आणि खोलीभर हशा पिकला. गंमत अशी, की या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. दारूची जिन आली हॉलंडमधून. ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास दिलेल्या दारूला डच लोक येनेव्हर म्हणत. इंग्रजांनी त्याचं जेनिव्हा केलं आणि पुढं आळसानं नुसतं जिन. जीन्सची पँट इटलीतल्या जिनोआ बंदराच्या नावावरून आली. घोड्यावरचं जीन फारसीतलं, आणि बाटलीतला जिन्न अरबी. उच्चार जवळचे, घराणी वेगळी.

कापसाच्या जिनाचं घराणं लॅटिन आहे. इंगेनियम म्हणजे माणसाची उपजत हुशारी, कल्पकता. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं आंजँ झालं, आणि अर्थ हुशारीवरून हुशारीनं बनवलेल्या वस्तूवर सरकला. इंग्रजीत त्याचं एंजिन झालं, आणि सुरुवातीचं अक्षर गळून जिन. मधल्या काळात जिन म्हणजे युक्ती, डावपेच, सशाला धरायचा फास, ओझं उचलायची तिकाटी, असं बरंच काही होतं. म्हणजे रेल्वेचं इंजिन, इंजिनिअर आणि आमचं जीन ही सख्खी भावंडं. कापूस बाजारात नेल्यावर फासात सापडल्यासारखं वाटणाऱ्यांना हा जुना अर्थ फार परका वाटणार नाही.

या शब्दाला कापूस चिकटला तो अमेरिकेत. एली व्हिटनीनं 1793 साली सरकी वेगळी करणारं यंत्र तयार केलं आणि 14 मार्च 1794 रोजी त्याचं पेटंट मिळालं. तारेच्या दातांनी रुई ओढून घ्यायची, सरकी मागं ठेवायची, अशी रचना. आखूड धाग्याचा कापूस हातानं साफ करणं इतकं वेळखाऊ होतं, की तो मोठ्या प्रमाणावर लावणं परवडत नसे. यंत्रानं ती अडचण दूर केली आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस पसरला. वेचणी मात्र हातानंच होती. 1790 मध्ये अमेरिकेत सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये ते 40 लाखांच्या घरात गेले. हुशारी या अर्थाच्या शब्दाचा हा प्रवास मला नेहमी अस्वस्थ करतो.

सरकी काढायला आपण काही व्हिटनीची वाट पाहत बसलो नव्हतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत रूळ फिरवून सरकी काढण्याचं साधन दिसतं. गावोगावी बाया दोन रुळांच्या चरकावर कापूस लोढायच्या. लोढणे, पिंजणे, पेळू करणे ही क्रियापदं आजही म्हाताऱ्यांना ठाऊक आहेत. मग लोढणं जाऊन जीन कसं आलं?

त्याचं उत्तर लढाईत आणि रुळांत आहे. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इंग्रजांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढं खामगाव आणि अमरावतीला फाटे निघाले. पूर्वी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरकडे जाणारा कापूस आता मुंबईच्या गोदीत उतरू लागला. जहाजात जागेचं भाडं द्यावं लागतं, म्हणून रुई दाबून गाठी बांधायच्या. त्यासाठी प्रेस, आणि प्रेसला पुरेल इतकी रुई द्यायला जीन. दोन्ही जोडीनंच आले. शब्द उलट दिशेनंही गेले. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीकडच्या कापसाला ऊमरा म्हणत, हिंगणघाटचा कापूस त्या गावाच्याच नावानं ओळखला जाई, आणि आपल्या खंडीचं त्यांनी कँडी करून टाकलं. रुईचे सौदे आजही खंडीतच होतात, 356 किलोची एक.

आपल्याकडे स्थिरावलेलं यंत्र मात्र व्हिटनीचं नाही. 1840 मध्ये फोन्स मॅकार्थी या अमेरिकनानं पेटंट घेतलेल्या रूळयंत्राचं ते वंशज आहे. चामडं चढवलेला रूळ रुई ओढतो, स्थिर पातं त्याला घासून उभं असतं, हलतं पातं सरकीला ठोकरून खाली पाडतं. म्हणजे तत्त्वानं ते बायांच्या चरकालाच जास्त जवळचं. रांगेनं यंत्रं सुरू झाली की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. खाली सरकीचा सडा, वर रुईचा ढग. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण तेहतीस-चौतीस किलो. बाकी बहुतेक सरकी, तेलघाणीला आणि ढोरांना.

2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि गावात आणखी एक जीन आला. कृषी केंद्रावरचा पोरगा पाकीट दाखवून म्हणाला, "यात बोंडअळी मारणारा जीन हाय." शेजारचे काका चक्रावले, "एवढ्याशा पाकिटात?" मीही तेव्हा हसलो. पण हा जीन म्हणजे जनुक. योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानं तो शब्द 1909 मध्ये ग्रीक धातूवरून रूढ केला. तो ग्रीक धातू आणि लॅटिन इंगेनियममधला 'गेन' एकच, अर्थ जन्म देणं. संस्कृतातला 'जन्' त्याचाच भाऊ. जन्म, जात, जनावर नव्हे पण जनक, जननी, सगळे त्या गोतावळ्यातले. जनावर फारसीमार्गे आलंय, त्याला वेगळ्या गोठ्यात बांधावं लागेल.

म्हणजे काका चुकले, पण फार नाही. बियातला जीन आणि बाजारातलं जीन लांबचे चुलतभाऊ निघाले.

आबाजी ज्या जिनात जायचे ते केव्हाच बंद पडलं. यंत्रं भंगारात गेली, धुराड्यावर पिंपळ उगवलाय, आवारात लेआउट पडून प्लॉट विकले गेले. एसटीचा कंडक्टर मात्र अजून तिथं दोरी ओढून ओरडतो, "जुनं जीनवाले, उतरा!"