स्पिटफायरच्या नळीतली भोकाची चकती

मागे स्पिटफायर किंवा हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान लागलं, तर दांडा पुढे दाबायचा आणि सरळ खाली सूर मारायचा. 1940 मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत जर्मन मेसरश्मिट 109 विमानांच्या वैमानिकांची ही हमखास सुटका होती. पाठलाग करणाऱ्यानेही तसंच केलं, तर त्याचं इंजिन खोकायचं, काळा धूर ओकायचं, कधी पार बंदही पडायचं.

दुखणं या ब्रिटिश विमानांच्या 27 लिटरच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात होतं. त्यातला फ्लोट म्हणजे घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉकच. पातळी चढली की पेट्रोलची वाट अडवणारी नीडल बंद, उतरली की उघडी. विमानाचं नाक झटकन खाली गेलं की वैमानिक पट्ट्यांना लटकतो आणि पेट्रोल चेंबरच्या छताला जाऊन भिडतं. तळाचे जेट, म्हणजे इंजिनाला पेट्रोल देणारी बारीक भोकं, कोरडी पडतात. पहिला ठसका उपासमारीचा, जेमतेम सेकंद-दीड सेकंदाचा.

खरं विघ्न पुढे. पेट्रोल वर गेल्याने फ्लोट तळाकडे ढकलला जातो, आणि फ्लोट तळाला म्हणजे कार्बोरेटरच्या हिशेबी चेंबर रिकामं! नीडल सताड उघडते, पंप पूर्ण जोराने पेट्रोल लोटतो आणि उतू गेलेलं पेट्रोल इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरमध्ये शिरतं. जुन्या स्कूटरवाल्यांच्या भाषेत, इंजिन ‘ओव्हर’ होतं.

ब्रिटिश वैमानिक मग आधी विमान पालथं करून सूर मारत. त्यामुळे पेट्रोल तळाशीच राही, पण तेवढ्यात शत्रू लांब जाई. जर्मन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई, त्यामुळे त्यांना ही अडचणच नव्हती. तरी रोल्स-रॉइसची निवड अगदीच खुळी म्हणता येणार नाही. सुपरचार्जरच्या आधी पेट्रोल मिसळलं की ते वाफ होताना हवा सुमारे 25 अंशांनी थंड करतं. थंड हवा दाट, म्हणून ताकद जास्त.

तोडगा काढला फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रातल्या बिअॅट्रिस शिलिंग यांनी. या बाई ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी 100 मैलांहून जास्त वेगाने नॉर्टन मोटरसायकल पळवलेल्या. त्यांनी पेट्रोलच्या नळीत मधोमध भोक असलेला धातूचा एक छोटा तुकडा बसवला. सुरुवातीला त्याचा आकार शिंप्याच्या अंगुस्तानासारखा होता, पुढे साध्या वायसरसारखा झाला.

सगळी करामत भोकाच्या मापात होती. पूर्ण ताकदीवर इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जायला हवं. भोक मोठं झालं तर पूर पुन्हा येणार. लहान झालं तर ऐन चढाईत मिश्रण पातळ पडून इंजिन ठोके देणार. म्हणून 12 पौंड आणि 15 पौंड बूस्टच्या (सुपरचार्जरच्या हवेचा दर चौरस इंचावरचा जादा दाब) इंजिनांसाठी दोन वेगळी मापं काढली. कार्बोरेटर न उतरवता, विमानतळावरच चकती बसवता येई. शिलिंग छोटं पथक घेऊन तळोतळी फिरल्या आणि मार्च 1941 पर्यंत लढाऊ विमानांत ती बसली.

पहिला ठसका मात्र तसाच राहिला, आणि उलटं उडत राहणंही जमत नसे. त्यासाठी 1943 मध्ये फ्लोटच नसलेला, दाबावर चालणारा बेंडिक्स कार्बोरेटर यावा लागला.