चित्रातले झाड कोणते?

अजिंठ्याला गर्दी असते ती एक, दोन, सोळा, सतरा या लेण्यांत. बावीस क्रमांकाचे लेणे छोटे आहे, पण ज्याला झाडांची ओढ आहे त्याने तिथे जरूर डोकवावे. आत मानुषी बुद्धांची, म्हणजे माणसाच्या रूपात होऊन गेलेल्या बुद्धांची, आणि पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाची रांग रंगवली आहे. प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा बोधिवृक्ष, म्हणजे ज्याखाली त्याला ज्ञान झाले ते झाड, आणि खाली लिहिलेली नावे. बौद्ध परंपरेत हे वृक्ष वेगवेगळे आहेत. गौतमाचा पिंपळ, काश्यपाचा वड, कनकमुनीचा औदुंबर, क्रकुच्छंदाचा शिरीष. एकसारख्या बसलेल्या या आकृत्यांत कोण कोणता, हे सांगण्यात झाडांचाही वाटा आहे. तिथे नुसते ‘एक झाड’ काढून भागत नाही.

मग झाड ओळखू यावे कसे? अजिंठ्याच्या चित्रकारांनी झाड आक्रसून माणसाच्या डोक्यावर मावेल एवढे केले, पान मात्र मोठेच ठेवले. मापात हे चूक आहे, पण वनस्पतिशास्त्राच्या नजरेने मला ते फार शहाणपणाचे वाटते. झाडाचा एकूण आकार जागेवर ठरतो. गढीच्या भिंतीतून फुटलेला पिंपळ आणि पारावरचा पिंपळ यांची अंगकाठी एक नसते; गुरांनी ओरबाडलेले, सरपणासाठी छाटलेले झाड तर आणखी निराळे. पान त्या मानाने जात सोडत नाही. पिंपळाच्या पानाचे लांब शेपूट पाहा. पावसाचे पाणी त्यावरून चटकन निथळते, आणि देठ लांब व बारीक असल्याने वाऱ्याची झुळूकही नसल्यासारखी असली तरी पान हलते. वडाचे पान जाड, चिवट, टोकाला बोथट. पुढे दोघांत गोंधळ होणे नाही.

वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, अंबिका ही जैनांची यक्षी (देवता) आंब्याखाली बसली आहे. इथे रंग नाही, नुसता बसाल्ट. आंब्याला पालवी टप्प्याटप्प्याने फुटते, त्यामुळे पाने फांदीच्या टोकाशी दाटीने येतात. आपल्या शिल्पांतला आंबा पानांच्या झुबक्यांनी आणि लोंबत्या फळांनी दाखवतात, त्याचे मूळ झाडाच्या या सवयीत आहे.

पण पान एकही नसेल तर? निष्पर्ण फांद्यांच्या चित्रालाही आपण झाडच म्हणतो, ते का? लिओनार्दो दा विंचीने आपल्या वहीत लिहून ठेवले होते, की कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खोडाच्या जाडीइतकी भरते. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सारखे राहते. हिशेब करून बघा: 10 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला दोन सारख्या फांद्या फुटल्या तर प्रत्येकीचा व्यास 5 नव्हे, सुमारे 7 सेंटिमीटर यायला हवा. खरी झाडे या नियमाच्या थोडी अलीकडे-पलीकडे असतात. 2011 मध्ये एका संशोधनाने याचे कारण वाऱ्यात शोधले: अशा मापाने वाढलेले झाड वादळात मोडण्यापासून अधिक बचावते.

2025 मध्ये दोन संशोधकांनी हेच माप चित्रांना आणि शिल्पांना लावले. त्यात अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची सोळाव्या शतकातली दगडी जाळी होती आणि पीट मॉन्ड्रियान या डच चित्रकाराची झाडेही. मॉन्ड्रियानचे 1911 चे करडे झाड म्हणजे नुसत्या वाकड्या रेषा, तरी पाहताक्षणी झाड वाटते. फांद्यांच्या जाडीचे प्रमाण खऱ्या झाडांसारखे आहे. पुढच्याच वर्षी त्याने फुललेले सफरचंदाचे झाड काढले, त्यात जाडीतला तो फरक काढून टाकला. नाव वाचल्याशिवाय ते झाड आहे हे कळत नाही.

थोडक्यात, फांदीची जाडी ‘हे झाड आहे’ एवढे सांगते आणि पान ‘कोणते’ ते सांगते. मला हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. मराठवाड्यातल्या कित्येक शाळांच्या भिंतींवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ च्या शेजारी तपकिरी दांडा आणि वर हिरवा गोळा रंगवलेला असतो. ते कोणत्याच जातीचे झाड नाही. 1999 मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी ‘वनस्पती-अंधत्व’ ही कल्पना मांडली: भोवतालच्या वनस्पती डोळ्यांसमोर असून लक्षातच येत नाहीत. हिरवा गोळा बघत वाढलेल्या मुलाला बांधावरची झाडे वेगवेगळी दिसावीत तरी कशी?

‘पळसाला पाने तीन’ म्हणणाऱ्या लोकांची नजर अजिंठ्याच्या चित्रकाराच्याच जातीची होती. भिंतीवर पळस काढायचा तर एका देठावर तीन पाने काढावीत, किंवा फाल्गुनातला, पाने झडून केशरी फुलांनी लगडलेला. बाभूळ त्याहून अवघड, कारण तिची पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातले एकेक छोटे पान, इतकी बारीक की लांबून काढताच येत नाही. तिथे पानाचा आग्रह सोडावा आणि जोडीजोडीने येणारे पांढरे सरळ काटे, पिवळी गोल फुले आणि पैंजणासारख्या, प्रत्येक बीपाशी फुगलेल्या शेंगा रंगवाव्यात. एवढे आले की बोरी-बाभळी ओळखणारे कोणतेही पोर खाली नाव न वाचता ‘बाभळ’ म्हणेल.