आरएक्स १००ची पेटी काढण्याआधी
(कार्बोरेटरच्या गाड्यांवर फोम फिल्टर बसवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

गाडी स्टँडवर लावली की बहुतेक जण एकच वाक्य बोलतात : "काका, पेटी काढा, फोम लावा आणि पिकअप वाढवा." पेटी म्हणजे हवेचा फिल्टर ज्यात बसतो तो एअरबॉक्स. यातली पहिली दोन कामं अर्ध्या तासात होतात. तिसरं त्यातून आपोआप होत नाही. गॅरेजच्या काउंटरवर हे रोज सांगून घसा बसतो, म्हणून हा कागद छापला.

फोम फिल्टर आम्ही विकतो, बसवतो, त्याचे पैसे घेतो. तरीही काही गाड्यांना सरळ नाही म्हणतो. राग मानू नका, कारणं खाली दिली आहेत.

कोल्हापुरात आमच्याकडे सर्वांत जास्त येते ती यामाहा आरएक्स १००, म्हणून उदाहरण तिचंच. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली, ९८ सीसीची, टू-स्ट्रोक, रीड व्हॉल्व्हची (आत आलेली हवा मागे जाऊ न देणाऱ्या पातळ पाकळ्यांची), ११ हॉर्सपॉवरची गाडी. त्यातली सर्वांत नवी गाडीही आता तिशीला टेकली आहे, आणि तिच्यावर आजवर किती हात फिरलेत हे मालकालाही ठाऊक नसतं.

पेटी असते कशासाठी

लोकांना वाटतं, एअरबॉक्स म्हणजे इंजिनाच्या नाकावर ठेवलेला हात. तो काढला की गाडी मोकळा श्वास घेणार. पण इंजिन पंख्यासारखी सलग हवा ओढत नाही, घोट घोट घेतं. टू-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला सेकंदाला १०० घोट घेतं. प्रत्येक घोटाला शांत, न हललेली हवा तयार मिळावी म्हणून मागे साठा लागतो. तो साठा म्हणजे पेटी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते, तशीच पेटीतली हवाही घुमते. पेटीचं आकारमान, तिच्या तोंडाची नळी आणि कार्बोरेटरपर्यंतचं रबर यांची मापं अशी ठरवलेली असतात की ते घुमणं मधल्या आरपीएमला इंजिनाच्या कामी यावं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गावातून जाताना जी ओढ जाणवते, तिच्यात पेटीचाही वाटा असतो.

पेटी काढली की बाकी इंजिन जसंच्या तसं असताना वरच्या आरपीएमला थोडंफार मिळतं आणि मधलं जातं. गाडी जोरात पळतेय असं मात्र वाटतं, कारण आवाज वाढतो. पेटीत दबलेला ओढण्याचा आवाज आता थेट मांडीखालून येतो. बऱ्याच जणांना हवा असतो तो हाच आवाज. तसं असेल तर तसं सांगा, आम्ही हसणार नाही.

आणखी एक गोष्ट. आरएक्सच्या पेटीत कंपनीने दिलेला फिल्टर मुळात फोमचाच असतो, तेल लावलेला. पिकअप गेला म्हणून आलेल्या गाडीचं साइड कव्हर काढून पाहिलं, तर आतला फोम एक तर मातीने दगड झालेला असतो, नाहीतर कुजून त्याचा भुगा झालेला असतो. चिमटीत धरला की शेवेसारखा तुटतो. तो भुगा ओढला जाऊन रीडच्या पाकळ्यांत अडकतो. मग पाकळी पूर्ण मिटत नाही आणि गाडी सकाळी दहा किका खाते. अशा गाडीला आम्ही आधी पेटीतच नवा फोम घालतो, रबराच्या भेगा बघतो आणि चार दिवस चालवायला देतो. त्यातले बरेच जण नंतर पॉड फिल्टरचं (पेटीशिवाय थेट कार्बोरेटरला लावायच्या मोकळ्या फिल्टरचं) नावही काढत नाहीत.

मोकळ्या फोमची खरी गरज कुणाला? पोर्ट घासून घेतलेत, मोठा कार्बोरेटर बसवलाय, एक्स्पान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा खास फुगीर सायलेन्सर) लावलाय अशांना. किंवा मूळ पेटी फुटलीये, चांगली मिळत नाहीये, नाहीतर सीटखालची जागा मोकळी करून कॅफे रेसर बनवायचीये त्यांना.

जेटिंग : खरं काम हेच

पेट्रोल नीट जळायला साधारण १ भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर हवा याहून कमी ठेवतात, १२.५ ते १३च्या आसपास. पेटी काढून मोकळा फोम लावला की हवा सहज येते. कार्बोरेटरच्या तोंडाशी ओढ कमी पडते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकातून, पेट्रोल कमी उचललं जातं. मिक्स्चर हलकं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. निव्वळ इथेनॉलला १ भागास ९ भागच हवा पुरते, त्यामुळे या मिश्रणाचा हिशोब १४.७वरून साधारण १३.५वर येतो. म्हणजे कंपनीचे जेट तसेच ठेवले, तर पेटीला हात न लावताही जुनी आरएक्स आधीच हलक्या मिक्स्चरवर चालते. वर पेटी काढली की हलक्यात आणखी हलकं.

हलक्या मिक्स्चरवर गाडी सुरुवातीला झकास वाटते, तीच तर फसगत आहे. आवाज तीक्ष्ण, धूर कमी, गिऱ्हाईक खूश. नंतर लांब पल्ल्यावर फुल थ्रॉटलला इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) धरतो. आमच्या काउंटरमागे खिळ्याला एक पिस्टन टांगलाय, तो बघून घ्या. एक्झॉस्टच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे आहेत, एक रिंग खाचेतच चिकटलीये. त्या गाडीला फोम लावला होता आणि जेट बदलले नव्हते. लावला होता आम्हीच, गॅरेज नवं होतं तेव्हा. बोअर आणि पिस्टनचे पैसेही आम्हीच भरले.

तेव्हापासून नियम असा की नुसता फिल्टर बसवून गाडी बाहेर जात नाही. आधी थ्रॉटलच्या मुठीवर पांढऱ्या टेपने खुणा करतो : बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. पावपर्यंत मुख्यतः पायलट जेट (आयडलचं पेट्रोल देणारा लहान जेट) आणि त्याची हवा कमी-जास्त करणाऱ्या एअर स्क्रूचं राज्य असतं, पाव ते पाऊण थ्रॉटलबरोबर उचलल्या जाणाऱ्या सुईचं, त्यापुढे मेन जेटचं. गाडी कुठल्या खुणेवर दम टाकते त्यावरून काय बदलायचं ते कळतं. काम मेन जेटपासून सुरू करतो आणि मुद्दाम मोठ्या जेटने, म्हणजे गाडी आधी भरलेली (पेट्रोल जास्त, मिक्स्चर जड) चालावी. ती वर जाऊन घरघरायला लागली की एकेक नंबर खाली येतो. लहान जेटने सुरुवात करून वर जाणाऱ्याचा पिस्टन खिळ्याला जातो.

प्लगही बघतो. नवा प्लग घालून मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद. प्लग काढून चिनी मातीच्या भागाचा तळ पाहायचा. दुधाच्या चहाचा रंग असला तर ठीक, पांढराफटक असेल तर हलकं, काजळी धरली असेल तर जड. घरापर्यंत आयडलवर आणलेल्या गाडीचा प्लग काढून "काळा आहे" म्हणून फोन करू नका. तो आयडलचा रंग असतो.

शेवटी मेन जेट एक नंबर जडच ठेवतो, आणि त्याला कारण आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे बरोबर लावलेली गाडी तुम्ही आंबा घाट उतरून रत्नागिरीला नेली की खाली हवा दाट मिळते आणि मिक्स्चर आणखी थोडं हलकं होतं. सुट्टीत निघालेली गाडी साखरप्यात सीझ होऊ नये.

बुलेटवाल्यांसाठी

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवर केबलने उचलल्या जाणाऱ्या स्लाइडचा मिककार्ब कार्बोरेटर असतो, तिथे आरएक्ससारखंच काम जमतं. क्लासिक ३५०च्या कार्बोरेटरवाल्या मॉडेलवर सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्बोरेटर आहे आणि त्यावर मोकळा फोम आम्ही लावत नाही. सीव्हीमध्ये स्लाइड केबलने नाही, हवेच्या दाबातल्या फरकाने वर उचलली जाते. वर रबराचा पातळ पडदा, खाली तोंडाकडून येणारी हवा. पेटी होती तोवर तोंडाशी हवा शांत होती. उघड्या फोमवर बाजूने वारा लागला किंवा शेजारून एसटी गेली, की दाब हलतो आणि स्लाइड थरथरते. हायवेला मूठ स्थिर धरूनही गाडी हेलकावे खाते.

दुसरी भानगड डोळ्यांना दिसणारी आहे. सीव्हीच्या तोंडात कडेला बारीक भोकं असतात, पडद्याखाली आणि जेटला हवा त्यातूनच जाते. बाजारातल्या बऱ्याच फिल्टरांच्या रबरी गळ्याला आतून ओठ असतो, तो नेमका त्या भोकांवर बसतो. मग लोक महिनाभर जेट बदलत बसतात.

शिवाय या इंजिनाचा ब्रीदर पाइप (इंजिनातली तेलाची वाफ बाहेर सोडणारा) पेटीत सोडलेला असतो. पेटी काढून तो मोकळा लोंबता ठेवला तर तेलाची वाफ मागच्या टायरवर पडते. टायरला तेल म्हणजे काय, हे सांगायला नको.

२०२०नंतरच्या बीएस-६, इंजेक्शनच्या गाड्यांचं हे काम आम्ही घेत नाही.

धूळ, पाऊस आणि धुलाई सेंटर

टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमध्ये जाते आणि मग वर. म्हणजे फिल्टरमधून निसटलेली धूळ पिस्टनच्या आधी क्रँकच्या बेअरिंगला भेटते. आरएक्सचा क्रँक उघडून दाबून घेणं किती खर्चाचं आहे ते ज्याने केलंय त्याला विचारा.

कोरडा फोम धूळ अडवत नाही, हे नीट लक्षात घ्या. त्याची भोकं धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. धूळ अडते ती त्यातल्या चिकट तेलाला. पेटीतल्या फोमला इंजिन ऑइल चालतं. उघड्या फोमला मात्र फोम फिल्टरचंच तेल वापरा, कारण इंजिन ऑइल दोन दिवसांत खाली उतरतं. खालचा भाग चिंब, वरचा कोरडा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांमागून रोज गाडी चालवत असाल तर दर पंधरा दिवसांनी फिल्टर बघा.

धुताना पेट्रोल नको, त्याने जोडाचा डिंक सुटतो आणि आगीची भीती वेगळीच. रॉकेल नाहीतर व्हाइट स्पिरिटमध्ये दाबून दाबून धुवा, मग साबणाच्या कोमट पाण्यात. पिळू नका, फोम फाटतो; दोन्ही तळहातांत धरून दाबा. सावलीत पूर्ण वाळू द्या. तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेरून मळा, म्हणजे ते सगळीकडे सारखं जातं. रंग एकसारखा दिसला पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. बसवताना कार्बोरेटरच्या तोंडाला बाहेरून ग्रीसचा हात फिरवा. पाचशे किलोमीटरनंतर फिल्टर काढून तोंडाच्या आत बोट फिरवा. कचकच लागली तर कुठूनतरी हवा चोरून येतेय.

फिल्टर घेताना आत तारेचा किंवा प्लास्टिकचा सांगाडा आहे ना ते दाबून बघा. सांगाडा नसलेला स्वस्त फोम फुल थ्रॉटलला आत ओढला जाऊन स्वतःच बूच होतो.

पावसाळ्यात उघडा फोम मागच्या चाकाच्या फवाऱ्यात असतो. मडगार्डला रबरी फडका लावून देतो, तो काढू नका. आंबोलीसारख्या पावसात जाणार असाल तर पेटीच परत बसवून घ्या, जूनमध्ये हे काम आम्ही फक्त मजुरीत करतो. फिल्टरला प्लास्टिकची पिशवी बांधून गाडी चालवणारेही आम्ही पाहिलेत. हवा कुठून यावी? पिशवी बांधायची ती धुलाई सेंटरला, प्रेशरच्या पाण्यासमोर, आणि किक मारण्याआधी सोडायची. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर ते दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

पीयूसी आणि पासिंग

३१ मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकींना आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. आरएक्स त्यातच येते. मेन जेट मोठा केल्याने आयडलचा आकडा हलत नाही, पायलट जेट मोठा केला किंवा एअर स्क्रू चुकला की हलतो. काम झाल्यावर पीयूसी काढूनच गाडी देतो. आवाजाचं मात्र आमच्या हातात नाही. ध्वनी आणि हवा प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं. आधीच एक्झॉस्ट मोकळा असेल तर वर फोमचा आवाज चढवून चौकात उभं राहू नका. पुनर्नोंदणीसाठी आरटीओत गाडी न्यायची असेल तर पेटी आणि मूळ सायलेन्सर लावूनच न्या.

काम सांगण्याआधी

गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, थंड इंजिन सकाळी कसं सुरू होतं ते आम्हाला बघायचं असतं. टाकीत निदान दोन लिटर पेट्रोल असू द्या, ट्रायल बऱ्याच होतात. दुसरीकडे जेट बदलले असतील तर लपवू नका. जेटचं भोक ड्रिलने मोठं केलेलं असलं तरी आम्हाला कळतंच, फक्त अर्धा दिवस वाया जातो. पैसे शेवटी गाडीत राहिलेल्या जेटचेच घेतो, ट्रायलला वापरलेल्यांचे नाही.

काढलेली पेटी, तिचं रबर आणि दोन्ही क्लिपा पिशवीत घालून तुमच्या हातात देतो. भंगारात घालू नका, भावाच्या गाडीला देऊ नका. माळ्यावर ठेवा, पण उंदीर रबर कुरतडतात, तेव्हा डब्यात ठेवा.