बोलका स्क्रीन-व्हिडिओ करून घेण्यापूर्वी : शिक्षक व क्लासचालकांसाठी माहिती

संगणकाच्या पडद्यावरील कृती दाखवत ती निवेदनातून समजावणारा व्हिडिओ करून घेण्यासाठी आपण आमच्याकडे येता, तेव्हा आम्ही सर्वप्रथम लिखित संहिता मागतो. आयत्या वेळी बोलत केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ‘एक मिनिट हं’ असे शब्द हमखास येतात आणि ते कापले की पडद्यावरील माउसचा बाणही मध्येच उडी मारतो.

संहिता दोन रकान्यांत लिहावी : डावीकडे पडद्यावरील कृती, उजवीकडे त्या वेळी बोलायचे वाक्य. एक्सेलमध्ये निकालपत्रकाची बेरीज शिकवायची असेल, तर ‘इथे क्लिक करा’ असे न लिहिता ‘एफ स्तंभातील दुसऱ्या चौकटीवर क्लिक करा आणि बरोबरचे चिन्ह टाइप करा’ असे लिहावे. कारण विद्यार्थ्याची नजर त्या क्षणी स्वतःच्या पडद्यावर असते आणि त्याला केवळ कानांवर विसंबून पुढे जायचे असते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील पाठ याच पद्धतीचे, साधारण 10 मिनिटांचे आहेत. पडद्यावरील चित्र तेच ठेवून त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले गेले आहे. संहितेतील प्रत्येक वाक्य वेळेशी बांधलेले असल्याशिवाय हे साधत नाही.

आवाजाच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. चित्र थोडे पुसट असले तरी विद्यार्थी निभावून नेतो, घुमणारा आवाज मात्र त्याला दोन मिनिटांत थकवतो. घरी रेकॉर्डिंग करणार असाल, तर पंखा बंद करावा, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना श्वासाचा फटकारा त्यावर बसत नाही. रेकॉर्डिंग सुरू करून बोलण्यापूर्वीची 10 सेकंदे स्तब्ध राहावे. खोलीतील गुणगुणीचा तो नमुना घेऊनच ऑडॅसिटीसारख्या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती कमी करता येते.

पडदा 1920×1080 पिक्सेल या मापात रेकॉर्ड करावा. विद्यार्थी मोबाइलवर पाहणार असल्यास अक्षरे मोठी करावीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचना आधीच बंद कराव्यात.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की एखादे बटण जागा बदलते. अशा वेळी संपूर्ण पाठ पुन्हा करावा लागू नये, म्हणून तयार व्हिडिओसोबत निवेदनाची व पडद्याची मूळ फाइल आम्ही स्वतंत्रपणे देतो. त्या दोन्ही संहितेसह एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवाव्यात.