ब्लूज हार्मोनिका ऑनलाइन शिकताना तोंडात नेमकं काय चालतं

गिटारचा व्हिडिओ लेसन बघताना बोटं दिसतात, कुठली तार, कुठला फ्रेट ते पॉज करून बघता येतं. हार्मोनिकाचं तसं नाही. शिकवणाऱ्याने दोन्ही हातांनी वाद्य झाकलेलं असतं आणि महत्त्वाचं जे काही चाललंय ते सगळं ओठांच्या मागे, जिभेच्या मागच्या भागात आणि घशात. कॅमेरा कितीही भारी असला तरी तिथे पोचत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे की ब्लूज हार्मोनिका ऑनलाइन नक्की शिकता येते, पण डोळ्यांनी नाही, कानांनी. असं का, हे कळायला वाद्याच्या आत काय होतं ते बघावं लागेल.

ब्लूजसाठी वापरतात ती १० होलची डायटॉनिक हार्मोनिका, वाजवणारे तिला नुसतं हार्प म्हणतात. आत धातूच्या दोन प्लेट असतात, एकीवर १० ब्लो रीड (फुंकल्यावर वाजणाऱ्या) आणि दुसरीवर १० ड्रॉ रीड (हवा ओढल्यावर वाजणाऱ्या). रीड म्हणजे पितळेची बारीक पट्टी, एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं मोकळं, आणि तिच्या मापाची चीर प्लेटमध्ये कापलेली. हवा गेली की पट्टी त्या चिरेतून आरपार हलायला लागते, हवेचा झोत सेकंदाला शेकडो वेळा तुटतो आणि स्वर ऐकू येतो. याला फ्री रीड म्हणतात, पेटी आणि अकॉर्डियनसुद्धा याच घराण्यातले. पण पेटीला हवा भात्यातून मिळते, वाजवणाऱ्याच्या तोंडाचा तिथे काही संबंध नाही. हार्पमध्ये एकाच होलमागे फुंकायची आणि ओढायची अशा दोन रीड शेजारी असतात आणि हवा पुरवणारं तोंड ही स्वतःच एक घुमणारी पोकळी असते. पेटीवर मींड निघत नाही आणि हार्पवर निघते ती यामुळे.

मांडणी पण मजेशीर आहे. सी कीच्या, म्हणजे सी हा षड्ज असलेल्या हार्पवर कुठेही फुंकलं तरी सी, ई, जी हेच स्वर येतात, म्हणजे कायम सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), साध्या लोकगीतांना सोयीची. जर्मनीत मथियास होनर यांनी १८५७ मध्ये ट्रोसिंगेन गावात हार्मोनिका बनवायला सुरुवात केली, त्यांच्या कंपनीचं मरीन बँड मॉडेल १८९६ चं, आणि ही स्वस्त वाद्यं अमेरिकेत पोचल्यावर दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय वादकांनी त्यांचा वापरच उलटा केला. सी कीची हार्प घ्यायची पण वाजवायचं जी मध्ये, फुंकण्याऐवजी ओढण्यावर जोर देऊन. २, ३, ४ होल ओढले की जी, बी, डी येतात आणि ५ ओढला की एफ, म्हणजे जी सेव्हन कॉर्ड आयतीच मिळते, जिच्यावर अख्खा ब्लूज उभा आहे. याला क्रॉस हार्प किंवा सेकंड पोझिशन म्हणतात. ऑनलाइन कोर्समध्ये पहिल्या काही लेसनमध्येच हे सांगतात, पण ओढण्यावर एवढा भर का हे फार कमी जण सांगतात. कारण असं की खालच्या होलमधले स्वर ओढतानाच खाली वाकवता येतात, आणि ब्लूजमधलं ते रडणं, विव्हळणं सगळं त्या वाकवण्यात म्हणजे बेंडमध्ये आहे.

आता बेंडमध्ये होतं काय? बरेच जण समजतात की ड्रॉ रीडवर ताण येऊन तिचा स्वर उतरतो. खरी गोष्ट जास्त सुंदर आहे. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट जॉन्स्टन यांनी १९८७ मध्ये आणि पुढे १९९८ मध्ये पिट्सबर्गचे हार्ट सर्जन हेन्री बानसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं, आणि त्यातून दिसलं की बेंड करताना त्या होलमधल्या दोन्ही रीड वाजत असतात. ४ नंबरच्या होलचं उदाहरण घेऊ. ड्रॉ रीड डी ची, ५८७ हर्ट्झ (सेकंदाला ५८७ कंपनं), ब्लो रीड सी ची, ५२३ हर्ट्झ. नुसतं ओढलं की जवळजवळ सगळं काम डी ची रीड करते. जीभ मागे घेत स्वर खाली नेला की काम हळूहळू दुसऱ्या रीडकडे जातं, जी खरं तर फुंकण्यासाठी बनवलेली आहे, आणि पूर्ण बेंडमध्ये ५५४ हर्ट्झचा डी फ्लॅट (डी पेक्षा अर्धा स्वर खाली) येतो तेव्हा आवाज मुख्यतः ब्लो रीडचा असतो. ती उलट्या दिशेच्या हवेत वाजते, म्हणून तिच्या स्वतःच्या स्वरापेक्षा साधारण अर्धा स्वर वर वाजते.

यावरून कुठला होल किती वाकणार हे पाठ न करता काढता येतं. ड्रॉ स्वर आणि ब्लो स्वर यांच्यामधली जागा हीच बेंडची हद्द. ३ नंबरला ओढून बी आणि फुंकून जी, म्हणून मधले बी फ्लॅट, ए आणि ए फ्लॅट असे तिन्ही स्वर मिळतात. २ नंबरला दोन मिळतात. ५ नंबरला एफ आणि ई अगदी शेजारी, त्यामुळे तिथे पूर्ण अर्ध्या स्वराचा बेंड निघतच नाही, नुसती थोडीशी कलाटणी मिळते, आणि नवीन शिकणारे तिथे विनाकारण जीव काढत बसतात. जोरात ओढून तर काहीच साधत नाही, उलट रीड थकते, बेसूर होते आणि एक दिवस मुळाशी तडकते.

रीडला हा इशारा देते ती तोंडातली पोकळी. २०१३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात एका निष्णात वादकाला एमआरआय स्कॅनरमध्ये हार्मोनिका वाजवायला लावून त्याच्या जिभेचं चालू चित्रण घेतलं होतं. खालच्या होलच्या ड्रॉ बेंडला जीभ मागे सरकते आणि तिच्या पुढची पोकळी मोठी होते, वरच्या होलच्या ब्लो बेंडला उलट जीभ पुढे येते. म्हणजे तोंडाचा घुमारा हव्या त्या स्वराच्या आसपास नेऊन ठेवायचा, मग रीड ऐकतात. मराठीत बोलतानासुद्धा आपण हेच करतो, 'ई' म्हणताना जीभ पुढे आणि वर असते, 'ऊ' म्हणताना मागे जाते. हार्प बाजूला ठेवून श्वास आत ओढत ई पासून ऊ कडे सरकून बघा, आत जाणाऱ्या हवेची सळसळ खर्जाकडे उतरलेली ऐकू येईल. ती उतरायला लागली की बेंडचं अर्धं काम झालंच. आणखी एक तपासणी जी कुठलाही शिक्षक स्क्रीनवरून करू शकत नाही, ती म्हणजे वाजवताना नाक चिमटीत धरायचं. आवाज बदलला तर नाकातून हवा गळतेय, आणि हवा गळत असेल तर बेंड पकडणं फार अवघड जातं.

आता ट्यूनर ॲप. फोनवर फुकट मिळतं, स्वर किती हर्ट्झवर आहे ते लगेच दाखवतं, आणि चुकून शेजारचा होल पण वाजत असेल तर काटा थरथरतो, म्हणजे एकच स्वर स्वच्छ काढायच्या सरावालाही कामाचं. पण सतत काट्याकडे बघून वाजवू नका असं मी आग्रहाने सांगेन. १९८४ मध्ये सॅल्मनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी हालचाली शिकण्याच्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला होता, त्यात मुद्दा हाच निघाला की प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून उत्तर मिळत राहिलं तर सराव करताना कामगिरी छान दिसते पण ते उत्तर काढून घेतलं की ती घसरते, कारण माणूस त्या उत्तरावरच टेकून राहतो. म्हणून डोळे मिटून बेंड करायचा, स्वर धरायचा, मनात ठरवायचं की लागला की नाही, आणि मगच काटा बघायचा.

दुसरं म्हणजे काटा नेहमी खरं बोलतो असंही नाही. कॉर्ड गोड लागावी म्हणून काही हार्प जस्ट इंटोनेशनमध्ये (स्वर एकमेकांत मिसळतील अशा जुळणीत) ट्यून केलेल्या असतात, त्यात मेजर थर्ड, म्हणजे कॉर्डमधला शुद्ध गंधार, ट्यूनरच्या हिशोबापेक्षा १४ सेंट खाली असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). ॲप त्याला बेसूर म्हणेल, कान म्हणणार नाही.

व्हिडिओ कॉलवर लाइव्ह क्लास घेत असाल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, सोबत वाजवता येत नाही आणि यात तुमचा दोष नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटर लांब बसलेल्या माणसाचा आवाज आपल्यापर्यंत साधारण २९ मिलिसेकंदांनी येतो, आणि एकत्र वाजवणाऱ्यांची लय साधारण इथूनच ओढली जायला लागते. साध्या व्हिडिओ कॉलमध्ये उशीर याच्या कितीतरी पट असतो. म्हणून चांगले शिक्षक कॉल अँड रिस्पॉन्स करतात, त्यांनी दोन बार (तालाची दोन आवर्तनं) वाजवायचे मग तुम्ही उत्तर द्यायचं, आणि ब्लूजचा स्वभावच सवाल-जवाबाचा असल्याने इथे काही हरवत नाही. दुसरी गोष्ट नॉइज सप्रेशनची. ही ॲप बोलण्यासाठी बनवलेली आहेत, लांब धरलेला एकसारखा स्वर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो कापून टाकतात, शिवाय आवाजाची चढ-उतार आपोआप सपाट करतात. तुम्ही जीव ओतून धरलेला बेंड पलीकडे तुटक तुटक पोचतो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड'चा पर्याय आहे, तो चालू करा, बाकी ॲपमध्ये नॉइज सप्रेशन बंद करा.

रेकॉर्ड केलेल्या लेसनचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे वेग. जुन्या काळी रेकॉर्ड हळू फिरवली की स्वरही खाली जायचा, अर्ध्या वेगाला अख्खं सप्तक. आता सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे तुकडे करून ते एकमेकांवर पसरवतं त्यामुळे वेळ ताणली जाते पण स्वर तिथेच राहतो. १९५० च्या दशकातलं शिकागोचं लिटल वॉल्टरचं वाजवणं, माइक आणि हार्प एकाच ओंजळीत धरून ॲम्प्लिफायरमधून काढलेलं, ते अर्ध्या वेगाने ऐकलं तर कळतं की तो स्वरावर सरळ येतच नाही, खालून घसरत येतो आणि पोचल्यावरही हलत राहतो.

सराव करताना एकच बेंड अर्धा तास घोटण्यापेक्षा २, ३ आणि ४ नंबर आलटून पालटून घ्या. शी आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात हाताच्या तीन हालचाली मिसळून शिकणाऱ्यांना सरावात जास्त वेळ लागला पण नंतरच्या चाचणीत त्यांच्या लक्षात जास्त राहिलं. रोज थोडा वेळ आणि मध्ये झोप, हे तर आहेच.

आणि ३ नंबरचा ड्रॉ शेवटी सगळ्यात जास्त वेळ मागतो. जी मध्ये वाजवताना बी म्हणजे शुद्ध गंधार आणि बी फ्लॅट म्हणजे कोमल गंधार, पण ब्लूजचा गंधार बऱ्याचदा या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, ४९४ आणि ४६६ हर्ट्झच्या मधल्या पट्टीत, आणि वादकागणिक, ओळीगणिक थोडा हलतो. ट्यूनरवर त्याच्यासाठी हिरवा दिवा नाही. ज्या वादकाचं वाजवणं तुम्हाला आवडतं त्याची एक ओळ लूपवर लावा, त्याचा तो गंधार आधी गळ्यातून गुणगुणून काढा, आणि मग जीभ किती मागे नेल्यावर हार्प तोच बोलते ते शोधा.