‘वसूल झाला’ म्हणजे नेमके काय? टोलच्या मुदतीची पार्श्वभूमी

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीचा टोल 165 वरून 195, मग 2017 मध्ये 230, 2020 मध्ये 270 आणि 1 एप्रिल 2023 पासून 320 रुपये झाला. दर वेळी बातम्या आल्या, निदर्शने झाली, कुणीतरी निवेदन दिले आणि ‘रस्त्याचा खर्च कधीच वसूल झाला, मग अजून टोल का?’ हा प्रश्न निघाला. प्रत्यक्षात यातली एकही वाढ त्या त्या वर्षी ठरलेली नव्हती. आधीच्या आकड्याला 1.18 ने गुणा आणि जवळच्या पाचात बसवा, पुढचा आकडा मिळतो. वर्षाला 6 टक्के, तेही सरळव्याजाने, आणि तीन वर्षांची वाढ एकदम. हे गणित 2004 च्या अधिसूचनेतच लिहून ठेवलेले आहे आणि त्याच अधिसूचनेत वसुलीचा अखेरचा काळ 2030 पर्यंत धरलेला आहे. पहिल्या कंत्राटदाराचा करार मात्र 2019 मध्ये संपणारा होता. पुढचा बराचसा गोंधळ या दोन तारखांच्या फरकातून निघाला.

रस्त्यावर पैसे घेण्याची कायदेशीर सोय जुनीच आहे. 1851 चा टोल कायदा आणि मुंबई इलाख्याचा 1875 चा रस्ते व पुलांवरील टोलचा कायदा या दोहोंची नावे आजही निकालपत्रांत सापडतात. आजच्या वादाला त्यांचा फारसा उपयोग नाही. उपयोगाचा आहे तो 1958 चा राज्याचा मोटार वाहन कर कायदा आणि त्यातले कलम 20. राज्याच्या रस्त्यांवरील टोलच्या अधिसूचना याच कलमाखाली निघतात. म्हणजे ‘आरटीओचा टॅक्स भरला, मग टोल कशाला?’ असे विचारणाऱ्याला जे उत्तर मिळते, ते त्याच कराच्या कायद्यात बसवलेले आहे! राष्ट्रीय महामार्गांवर 1956 चा वेगळा कायदा लागतो. तिथे कागदोपत्री ‘टोल’ हा शब्द टाळून ‘शुल्क’ म्हणतात. कर सरसकट असतो, शुल्क वापरणाऱ्याकडून आणि सेवेच्या मोबदल्यात घ्यायचे असते. रस्ता खराब असेल तर पैसे का द्यायचे, हा युक्तिवाद याच भेदावर उभा राहतो. केरळमधल्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाने थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला, तो याच धाग्यावर.

1990 च्या दशकात राज्याकडे पैसा नव्हता आणि कामे मोठी होती. मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपूल आणि पुण्यापर्यंत नवा सहापदरी रस्ता. त्यासाठी 1996 मध्ये स्वतंत्र महामंडळ (महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ) काढले आणि राज्याच्या हमीवर रोखे विकून कर्ज उभे केले. द्रुतगती मार्ग साधारण सोळाशे कोटींत झाला, 2002 मध्ये पूर्ण खुला झाला, आणि व्याजाचा बोजा महामंडळाला लगेच जाणवू लागला.

इथे तो निर्णय आला, ज्याच्यामुळे ‘वसूल’ या शब्दाचा अर्थच बदलला. 2004 मध्ये महामंडळाने द्रुतगती मार्ग आणि जुना मुंबई–पुणे रस्ता या दोन्हींवर पुढची पंधरा वर्षे टोल गोळा करण्याचा हक्क 918 कोटी रुपये एकरकमी घेऊन एका कंपनीला दिला. बांधा-वापरा-हस्तांतरित करा हा प्रकार हा नव्हे. रस्ता आधीच बांधलेला होता. विकला गेला तो भविष्यातला गल्ला. कंपनीचा बांधकाम खर्चाशी संबंध उरला नाही, तिने गुंतवले ते 918 कोटी, शिवाय देखभालीची जबाबदारी. सरकारने बांधकामावर घातलेला पैसा किती परत आला हा हिशेब महामंडळाच्या वहीत, आणि नाक्यावर जमणारी रक्कम कंपनीच्या वहीत. लोक मात्र नाक्यावरची जमा आणि बांधकामाचा खर्च समोरासमोर ठेवतात. ही दोन वेगळ्या वह्यांतली पाने आहेत.

याचा अर्थ लोकांचा राग चुकीचा आहे असा नाही, आकडा चुकीच्या ठिकाणी लावला जातो इतकेच. एक साधे उदाहरण घ्या. आज 100 कोटी मोजले, परतावा 12 टक्के धरला आणि पंधरा वर्षे समान हप्त्यांनी परत घेतले, तर वर्षाचा हप्ता सुमारे 14 कोटी 68 लाख येतो. पंधरा वर्षांची बेरीज 220 कोटी. देखभाल, पगार, गळती यातले काहीही न धरता. म्हणून ‘शंभराचे दोनशे झाले, तरी वसुली चालूच’ हे वाक्य ऐकायला जबर असले तरी त्यातून लूट सिद्ध होत नाही. लूट शोधायची असेल तर ती दुसरीकडे शोधावी लागते: बोली लावताना वाहने दरवर्षी किती टक्क्यांनी वाढतील असे धरले होते, आणि प्रत्यक्षात किती वाढली. तीन टक्क्यांचा फरक पंधराव्या वर्षी दीडपटीच्या आसपास जातो. हा फरक कुणाचा?

2004 च्या व्यवहाराचे खरे दुखणे इथे आहे. माहिती अधिकारात बाहेर आलेल्या कागदांत ऑगस्ट 2019 पर्यंत 2,869 कोटींची वसुली अपेक्षित धरलेली होती. जमा आकड्यांवरून कार्यकर्त्यांनी मांडले की ही रक्कम 2016 च्या अखेरीसच गाठली गेली. मग उरलेली अडीच-तीन वर्षे टोल कशाचा? कंपनीच्या बाजूने उत्तर सरळ होते: करार मुदतीचा आहे, रकमेचा नाही. वाहने कमी आली असती तर तोटा आमचाच होता. हे उत्तर कायद्याने बरोबर आहे. पण करार लिहिणाऱ्याने ठरावीक रकमेपलीकडचा वाटा सरकारकडे येईल, किंवा मुदत आपोआप आखडेल, असे एक कलम घातले असते तर हा वाद उभाच राहिला नसता. पुण्याच्या दिशेने वाहने वाढणार हे कळायला 2004 मध्ये ज्योतिषाची गरज नव्हती.

2019 मध्ये करार संपला, नाके बंद झाले नाहीत. अधिसूचना 2030 पर्यंतची होतीच. मधल्या काळात तात्पुरती व्यवस्था झाली आणि 2020 मध्ये पुन्हा हक्क विकला गेला, या वेळी 8,262 कोटींना: 6,500 कोटी आधी, मग 850 कोटींचे दोन हप्ते आणि शेवटी 62 कोटी. रस्ता तोच, उरलेली मुदत सुमारे दहा वर्षे. सोळाशे कोटींच्या रस्त्यावर आता ‘वसूल’ करायची रक्कम पाचपट झाली, कारण नव्या करारातले भांडवल 8,262 कोटी आहे. जुन्या रस्त्याचे कर्ज फेडायला हा पैसा लागत नव्हता, तो महामंडळाच्या पुढच्या कामांसाठी होता. प्रत्येक विक्रीनंतर वसुलीचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते.

‘वसूल’ या शब्दाचे दुसरे टोक दिल्लीला नोएडाशी जोडणाऱ्या डीएनडी पुलावर दिसले. तिथे करारात पूल बांधणाऱ्या कंपनीला 20 टक्के परतावा कबूल केला होता आणि एखाद्या वर्षी तो मिळाला नाही, तर तुटीची रक्कम प्रकल्पखर्चात मिळवायची होती. म्हणजे गाड्या धावत राहिल्या तरी तुटीच्या प्रत्येक वर्षी ‘न फिटलेला खर्च’ फुगत जाणार. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तिथला टोल बंद केला, डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मुंबई–पुण्याचा करार इतका बेबंद नव्हता, पण न्यायालयाने खर्चाच्या व्याख्येत हात घातला हे इकडच्या याचिकाकर्त्यांनी नोंदून ठेवले.

मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांची (दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी) गोष्ट त्याच साच्यातली. उड्डाणपुलांच्या खर्चापोटी वसुली सुरू झाली आणि 2010 मध्ये ती 2026 पर्यंत 2,100 कोटी घेऊन विकली गेली. ऑक्टोबर 2020 मध्ये मोटारीला 40, ऑक्टोबर 2023 मध्ये 45 रुपये. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, हलक्या वाहनांना माफी मिळाली. नाके हटले नाहीत, अवजड वाहनांची वसुली चालू राहिली आणि माफीची भरपाई म्हणून कंत्राटाची मुदत 2029 पर्यंत लांबली. मोटारवाल्याचे 45 रुपये वाचले, ते ट्रकच्या भाड्यातून भाजीवर येतात की नाही, हे कुणी मोजलेले नाही.

माफीची ही रीत 2015 ची. त्याआधी कोल्हापूर पेटले होते. शहरांतर्गत सुमारे 50 किलोमीटरचे रस्ते, तीस वर्षांचा हक्क आणि शहराच्या प्रत्येक वेशीवर नाका. भाजी आणायला बाहेर गेलेल्या माणसाला घरी परतताना टोल. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये नाके जाळले गेले, 2015 च्या अखेरीस टोल रद्द झाला आणि कंपनीला मोबदला सरकारी तिजोरीतून गेला. त्याच वर्षी राज्याने 12 नाके बंद केले आणि 53 नाक्यांवर 1 जूनपासून मोटार, जीप व एसटीला सूट दिली. सूट देताना कंपन्यांना भरपाई द्यावी लागते, आणि ती द्यायला वाहनांची मोजणी लागते. मोजणी कोण करणार, कॅमेरा कुणाचा, सुटीच्या आठवड्यातले आकडे वर्षाला लावायचे का, हे वाद फायलींत रेंगाळतात. नाका खरोखर बंद झाल्याची उदाहरणे आहेत, ठाण्याजवळचा खारेगाव नाका मे 2017 मध्ये थांबला. पण ती थोडी.

राष्ट्रीय महामार्गांचे गणित वेगळे. 2008 च्या नियमांत चौपदरी रस्त्यासाठी मोटारीचा मूळ दर किलोमीटरला 65 पैसे, पायाभूत वर्ष 2007-08. त्यावर दरवर्षी 3 टक्के, चक्रवाढ न करता, अधिक घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या 40 टक्के. 2025-26 पर्यंत 3 टक्क्यांच्या अठरा वाढी झाल्या, म्हणजे 65 पैशांचा नुसता पाया एक रुपयावर आला, महागाईचा भाग त्याच्या वर. दर जवळच्या पाच रुपयांत बसवतात, त्यामुळे छोट्या टप्प्यावर काही वर्षे काहीच वाढत नाही आणि मग एकदम पाच वाढतात. 24 तासांत परत आलात तर एकेरीच्या दीडपट. नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बिगरव्यावसायिक वाहनाला मासिक पास, 2025-26 मध्ये 350 रुपये. दोन नाक्यांत 60 किलोमीटर अंतर हवे हाही याच नियमांतला मुद्दा, पण लेखी कारण देऊन तो शिथिल करता येतो. शिवाय राज्याच्या अधिसूचनेवर चालणाऱ्या नाक्यांना तो आपोआप लागत नाही. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर सोमाटणे आणि वरसोली यांच्यातले अंतर त्याच्या जेमतेम निम्मे आहे. सोमाटणे नाक्याविरुद्धच्या तळेगावकरांच्या आंदोलनाचे मूळ तिथे आहे.

याच नियमांत एक दिलासा होता: खर्च वसूल झाला की दर 40 टक्क्यांवर आणायचा. ऑक्टोबर 2023 च्या दुरुस्तीने तो गेला. आता मुदत संपल्यावरही पूर्ण दर चालू राहतो, फक्त पैसे सरकारकडे जातात. यावर फारशी ओरड झाली नाही, कारण त्या सुमारास सगळी चर्चा मुंबईच्या वेशीवरच्या पाच रुपयांच्या वाढीची होती.

फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, खिशातून किती जाते हे डोळ्यांआड गेले. टॅग चालू असून यंत्र नादुरुस्त असेल तर पैसे न घेता सोडावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी, असा 2018 चा नियम आहे. नाक्यावर ही पावती क्वचितच कुणी मागतो. 17 फेब्रुवारी 2025 पासून नाक्यावर टॅग वाचला जाण्याच्या आधी 60 मिनिटे आणि नंतर 10 मिनिटे टॅग काळ्या यादीत राहिला तर व्यवहार नाकारला जातो. म्हणून रांगेत उभे राहून रिचार्ज करण्याची जुनी युक्ती भरवशाची राहिली नाही. 15 नोव्हेंबर 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर टॅग नसल्यास यूपीआयने सव्वापट, रोखीने दुप्पट असे ठरले.

वार्षिक पासने नवा गोंधळ घातला. 15 ऑगस्ट 2025 ला तो सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांत वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. फक्त खासगी मोटार, जीप, व्हॅन, आणि फक्त राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्ग. मुंबई–पुणे द्रुतगती, अटल सेतू, समृद्धी हे राज्याचे असल्याने तिथे टॅगमधून नेहमीसारखी पूर्ण रक्कम कापली जाते. समृद्धीवर मोटारीला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे, म्हणजे 701 किलोमीटरला सुमारे 1,445 रुपये. पुण्याहून साताऱ्याकडे पास चालतो, मुंबईकडे चालत नाही. पहिल्या आठवड्यांतल्या अनेक तक्रारी याच्याच.

हे सगळे गाडीच्या इतर खर्चावर येते. 2017 मध्ये राज्याने एकरकमी कर 2 टक्क्यांनी वाढवला. पेट्रोल मोटारीवर 10 लाखांपर्यंत 11, त्यापुढे 12 आणि 20 लाखांवर 13 टक्के, डिझेलवर आणखी दोन. नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीला 99,000 रुपये, रस्त्यावर चाक फिरायच्या आधी. कारण सांगितले गेले जीएसटीमुळे बुडालेल्या जकातीचे, रस्त्यांचे नव्हे. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम. इंधनावर 1998 पासून रस्त्यांच्या नावाने उपकर, सुरुवातीला पेट्रोलवर लिटरला 1 रुपया, 2018 च्या अर्थसंकल्पात 8. यातला उपकर तरी रस्त्यांच्या निधीच्या नावाने आहे. वाहन कर मात्र राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि त्यातून पगारही निघतात. ‘रोड टॅक्स’ हे नाव फक्त लोकांच्या तोंडी आहे.

द्रुतगती मार्गाचा चालू करार 2030 च्या एप्रिलअखेर संपतो, 2004 च्या अधिसूचनेचे वर्षही तेच. रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव मात्र आताच टेबलावर आहे, आणि त्याचा खर्चही कुठेतरी ‘वसूल’ करायचा असेल.